हादऱ्यांच्या हिवाळ्यातलं पुस्तक

परवा सकाळी चहा घेत बसलो होतो, तर बशीतल्या कपानं आपणहून टकटक केलं. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं पंख्याकडे पाहिलं. थंडीमुळे महिनाभर बंद असलेला पंखा हळूच झुलत होता. आमच्या घरात या विषयावर पंख्याचा शब्द शेवटचा. "आला," सुनंदा म्हणाली आणि गॅस बंद करून, शाल सावरून, पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर निघाल्यासारखी शांतपणे अंगणात गेली. मी तिच्या मागोमाग. म्हणजे खरं तर पुढे. शेजारचे काका आधीच बाहेर उभे होते, तोंडात ब्रश.

"आला ना?"

"आला."

"मोठा वाटला?"

"छे हो. बारका."

डहाणूत आता भूकंपाविषयी असं बोलतात. जावयाविषयी बोलावं तसं: आला, बसला, गेला, फार त्रास दिला नाही. मी खिशातून फोन काढून सायवनच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या शिवराममामाला लावला.

"मामा, कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? बाहेर. दात घासतोय."

"बाहेर म्हणजे अंगणात ना?"

"नाय, तुझ्या कॉलेजात घासतोय. ठेव फोन, तोंडात फेस हाय."

मी फोन ठेवला आणि भर थंडीत कपाळावरचा घाम पुसला. बाहेर आहे. एवढंच ऐकायचं होतं. सुनंदा हसली. तिला ठाऊक आहे, जमीन हलली की मला आधी स्वतःचं छप्पर आठवतं आणि लगेच मामाची ती भिंत. आणि भिंत आठवली की ते पुस्तक.

हादरे पहिल्यांदा सुरू झाले तो हिवाळा आमच्याकडे सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. आधी आवाज यायचा. लांबच्या खाणीत सुरुंग उडवावा तसा, पण खालून, पोटातून. मग भांडी बोलायची. फळीवरचे पेले एकमेकांना लागायचे, दाराची कडी आपल्याआपण वाजायची आणि कोंबड्या एकदम गप्प व्हायच्या. ती शांतता आवाजापेक्षा वाईट. तलासरीपासून इकडे पाड्यापाड्यांत लोक ताडपत्रीखाली राहायला आले होते. निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या, त्यांच्या कडेला चुली, चुलीवर वालाचं कालवण, धुरानं डोळे चोळणारी पोरं. पोरांना मजा वाटे. अभ्यास नाही, घर नाही, सगळा पाडा म्हणजे एक मोठं अंथरूण. म्हातारी माणसं मात्र दर हादऱ्याला आपापल्या घराकडे बघत, तापल्या पोराकडे बघावं तशी.

मी त्या दिवसांत फार भाव खाऊन होतो. मी इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत आहे. आहे म्हणजे, काचेच्या नळ्या धुतो, रसायनांच्या बाटल्या पुसतो, पोरांवर ओरडतो. पण नात्यात 'आमचा वसंता विज्ञानात आहे' असं सांगतात आणि ते दुरुस्त करायची बुद्धी मला अजून झालेली नाही. स्वभावानं मी संशयी. कुणी काही सांगितलं की 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय मला जेवण जात नाही. स्वतःच्या लग्नात भटजींना मी मुहूर्ताचा आधार विचारला होता. सासरे अजून ते विसरलेले नाहीत, आणि सुनंदा म्हणते, भटजींनी तेव्हाच गाशा गुंडाळला असता तर बरं झालं असतं.

तर त्या थंडीत एके दिवशी जानकीमामीचा फोन आला. मामी एरवी फोनवर फक्त 'बरं हाय, ठेवते' एवढंच बोलते. त्या दिवशी म्हणाली, "वसंता, तू ये. तुझा मामा घरातून बाहेर येत नाय."

"आजारी आहे?"

"आजारी असता तर उचलून आणला असता. पुस्तक वाचतोय."

मामाचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. मागच्या खोलीत मामाची बाज, आणि बाजेच्या डोक्याशी ती भिंत. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. मी बोटं घातली, ती मावली. पंजा घातला, तोही मावला. पलीकडे परसातलं आंब्याचं झाड दिसत होतं. आणि या भिंतीला टेकून, दोन्ही पाय बाजेवर घेऊन, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावून माझा मामा मोठ्यानं, अक्षर लावत, वाचत बसला होता. पाडा सगळा बाहेर. मामी शेजारणींबरोबर ताडपत्रीखाली. मुलगा वापीला कंपनीत, त्याला सुटी मिळेना. आणि हा एकटा आत.

पुस्तक त्यानं तलासरीच्या बाजारात हातगाडीवरून घेतलं होतं. लोणच्याच्या पाककृती आणि राशिभविष्य यांच्या मधे ठेवलेलं. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. उगाच खप वाढायचा. जगात जे जे घडतं ते कुणीतरी बसून घडवतं, एवढा त्याचा सारांश. पाऊस कोण पाडतं, रोग कोण सोडतं, चंद्रावर कोण गेलंच नाही, मिठात काय घालतात. आणि एक अख्खं प्रकरण भूकंपांवर. जमीन आपोआप हलत नसते. जमिनीखाली यंत्रं लावून ती हलवतात. लोक घाबरून घरं सोडतात. आणि मोकळ्या झालेल्या गावांवर मग मोजणीवाले येतात.

"समजलं?" मामा म्हणाला. "म्हणून मी हलत नाय."

"मामा, भेग बघ. माझा हात जातोय."

"जाऊ दे ने हात. माझी जमीन जायला नको."

"कोण नेतंय तुझी जमीन?"

मामानं चष्मा कपाळावर चढवला. "तू शिकलास, पण बघितलंस काय? आधी शेताच्या बांधावर रंग लावलेले दगड येतात. मग पांढऱ्या गाडीतून माणसं येतात, म्हणतात, नुसतं मोजतोय. मग आपला आंबा दुसऱ्याचा. हे मी पुस्तकात वाचलेलं नाय, डोळ्यांनी बघितलेलं हाय. तेव्हा कुणी सांगितलं होतं आधी? आता निदान पुस्तकवाल्यानं सांगितलं."

रंगवलेले दगड खरे होते, आंबाही खरा. मामाच्या थोरल्या भावाचं शेत असंच गेलं होतं. खोटं होतं ते फक्त यंत्र. पण मी संशयी माणूस; मला खोट्याची एक कडी सापडली की अख्खी साखळी ओढून काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, "मला दे पुस्तक दोन दिवस. एकेक पान खोटं करून आणतो."

"ने. पण फाडू नको. पैसे दिलेत."

मग मी ते पुस्तक वाचलं. लाल पेन्सिल घेऊन वाचलं. पहिल्या पानापासून समासात 'कशावरून?' लिहायला लागलो. पंधराव्या पानापर्यंत पेन्सिल दोनदा तासावी लागली. सुनंदा भाजी निवडत म्हणाली, "परीक्षा तुझी आहे की पुस्तकाची?" मी म्हटलं, गप्प बस, हा मामाच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि होताच.

पण खरं सांगायचं तर मधेच काहीतरी झालं. मीठ संपून दंतमंजनाचं प्रकरण लागलं. त्यात काय काय मिसळतात आणि ते मेंदूवर कसं जातं, हे इतकं रंगवून लिहिलं होतं की मी समासात 'कशावरून?' लिहिलं खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कडुलिंबाची काडी शोधत कुंपणाशी उभा होतो. सुनंदानं खिडकीतून विचारलं, "काय रे, दंतमंजन संपलं?" मी म्हटलं, हिरड्यांना बरं असतं. तिनं ती लाल पेन्सिल आणून माझ्या हातात दिली.

त्या पुस्तकात सगळं होतं, फक्त 'माहीत नाही' हे दोन शब्द नव्हते. हे मला तेव्हा लागलं आणि अजूनही बोचतं. आमच्याकडे खरोखरचे शास्त्रज्ञ येऊन गेले होते, यंत्रं बसवून गेले होते, आणि त्यांना विचारलं की हे थांबणार कधी, तर भली माणसं सांगत: नक्की सांगता येत नाही. मला ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं होतं. पण फाटक्या ताडपत्रीखाली कुडकुडणाऱ्या माणसाला प्रामाणिक उत्तर पांघरता येत नाही. पुस्तक त्याला शत्रू देत होतं. शत्रू असला की रागावता येतं, ठाण मांडता येतं, 'बघतोच' म्हणता येतं. जमिनीवर रागावून काय करणार? जिच्यावर रागवायचं तिच्यावरच उभं राहायचं असतं.

तर मी तयारी करून गेलो. मागच्या खोलीत, मामाच्या समोर, स्टुलावर बसलो. भिंतीपासून जरा लांब, हे कबूल करतो. मुद्दे चांगले होते. मी सांगितलं, असं यंत्र चालवायला केवढी वीज लागेल. इथं पंपाला लागते तेवढी तरी पूर्ण मिळते का? मामा हसला. मला बरं वाटलं. मी सांगितलं, एवढी माणसं या कटात असतील तर त्यातला एक तरी ताडी प्यायल्यावर बोलला नसता का? मामी दारात उभी होती, तीही हसली. मी रंगात आलो. म्हटलं, "मामा, ज्याला पुरावा नाही त्यावर आपण—"

आणि खालून आवाज आला.

पुढचं मला क्रमानं आठवत नाही. कौलं खडखडली, कुठंतरी पितळी भांडं पडलं, आणि मी परसात आंब्याला मिठी मारून उभा होतो. अनवाणी. मामी माझ्या शेजारी, पदरानं तोंड झाकून. भेगेतून आतली बाज दिसत होती. मामा तसाच बसला होता. वरून माती सांडून त्याचं डोकं, खांदे, चष्मा सगळं तांबडं झालेलं. तो खोकला, आणि भेगेतूनच मला म्हणाला, "पळालास ना? तुझ्यासारखे पळाले की यांचं काम झालं."

वादात मी हरलो होतो, त्याचं मला काही वाटलं नाही. मला दिसत होता तो मातीनं भरलेला चष्मा. पुढचा हादरा याहून थोडासा मोठा असला तर? मामी आंब्याखाली बसली. ती मला नाही, भेगेला ऐकू जाईल असं बोलली: "जमीन राहील यांची, आणि मी कुंकू पुसून तिच्यावर भात लावीन. चांगलं हाय."

आत मामा चष्मा पुसत होता.

येताना हायवेवर गाडी थांबवली. थंडीत तिथं उंबाडियूची मडकी लागतात. कंद, पापडी, रताळी पाल्यात दाबून, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. वाफेचा वास आला की एरवी मी दोन वाट्या खातो. त्या दिवशी घास फिरत राहिला. विकणारा गुजराती मिसळून म्हणाला, "केम, तिखट लागलं काय?" मी म्हटलं, हो.

त्या भिंतीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. पडली. पुढं पौषात, चांगल्या उजाडलेल्या सकाळी, अख्खी भिंत आत कोसळली, बाजेच्या चारी खुरांचं सरपण झालं. आत कुणी नव्हतं. मामा ढिगाऱ्यापाशी आला आणि म्हणाला, "बघ. आता भिंतीपर्यंत आले." मामी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो. मला त्या क्षणी मामाचा कुठलाही सिद्धान्त मान्य होता. आता तिथं सिमेंटच्या खांबांची खोली आहे. पुस्तकही आहे, फळीवर. परवा-परवा चाळलं तर माझ्या प्रत्येक 'कशावरून?'खाली मामानं जाड अक्षरात उत्तर लिहिलेलं आढळलं. बहुतेक ठिकाणी 'तुला काय ठावं'. दंतमंजनाच्या पानावर मात्र 'हे खोटं वाटतं' असं लिहून खाली सही केली आहे.

पण तेव्हा मामा आत का नव्हता, ते सांगायचं राहिलं. ते ना माझ्या मुद्द्यांनी झालं, ना मामीच्या बोलण्यानं.

झोडणी निघाली. कापून रचलेल्या भाताच्या भाऱ्यांची झोडणी आमच्याकडे थंडीतच होते. घरापासून हाकेच्या अंतरावर मामाचं खळं. शेणानं सारवलेलं, मधे लाकडी ओंडका, त्यावर भारे आपटायचे. पहिल्या दिवशी मी मदतीला गेलो होतो. मदतीला म्हणजे मी चार भारे आपटले आणि पाठ धरून बसलो. संध्याकाळी काम थांबलं. मामानं घरात जाऊन गोधडी आणली, काठी आणली, आणि भाताच्या राशीशेजारी पेंढ्यावर अंथरूण घातलं. जसं दर वर्षी घालतो तसं. कारण रास उघड्यावर असली की धनी खळं सोडत नाही. रास मोजून, पुजून कणगीत गेली की मग धनी घरात. मामाच्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानंही.

मी आणि मामी एकमेकांकडे बघतच राहिलो. आम्ही दोघांनी नवस, भांडण, विज्ञान सगळं करून पाहिलं होतं आणि हे आम्हाला सुचलं नव्हतं. घर सोडून पळणं वेगळं, राशीच्या राखणीला जाणं वेगळं. पहिल्यात जमीन जाते, दुसऱ्यात जमीन राखली जाते. मामा चार भिंतींच्या बाहेर, उघड्या आभाळाखाली, पडायला डोक्यावर काही म्हणजे काही नसलेल्या जागी पाय पसरून झोपायला लागला होता, आणि इंचभरही हटलेला नव्हता.

मग आमची एकच काळजी: झोडणी संपू नये. मी रजा टाकून जायला लागलो. माझं काम इतकं मंद की मुद्दाम मंद करायची गरजच नव्हती. मामी मधेच चहा आणी, मधेच गूळ-शेंगदाणे, मधेच तिला कुठंतरी पेंढ्यात दाणे राहिलेत असं वाटे आणि झोडलेले भारे पुन्हा झोडायला लावी. मामा शिव्या घाली. पण भात ते शेवटी किती! सुपानं वारा देऊन झाला, फोल उडालं, रास सोन्यासारखी मधे उभी राहिली. उन्हं खाऊन खाऊन भात तडतडलं. शेजाऱ्यांच्या राशी घरांत गेल्या. मामीनं कणगी सारवून ठेवली होती, ती वाळून खडखडीत झाली, तिला सबब उरली नाही. आणि अधूनमधून खालून तो आवाज येतच होता. आदल्याच दुपारी आला होता. भिंत आता वाकून आत बघायला लागली होती.

त्या संध्याकाळी मामी टोपल्या घेऊन खळ्यावर आली. तिचं तोंड उतरलेलं. मी रिकामी पोती झटकत होतो. आज रास आत जाणार, आणि राशीमागून मामा. तिघांनाही ठाऊक होतं. पश्चिमेला उन्हाची शेवटची तिरीप चिकूच्या वाडीमागं गेली.

मामानं राशीला नमस्कार केला. मूठभर भात घेतलं, वरून सोडलं. ते वाळूसारखं खळखळत पडलं. मग एक दाणा उचलून त्यानं दाताखाली धरला. कट्ट. एवढा स्पष्ट आवाज झाला की मामीनं मान खाली घातली.

मामा घराकडे बघत होता. मग म्हणाला, "ओलं हाय."

मामीनं वर पाहिलं.

"ओलं हाय अजून," मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. "तू बघ वसंता. तू विज्ञानातला ने."

मी एक दाणा घेतला. दाताखाली ठेवला. तो काचेच्या नळीसारखा फुटला, दोन तुकडे. आत टणक, पांढरा, हाडासारखा कोरडा तांदूळ. जन्मात इतकं वाळलेलं भात मी चावलं नसेल. समोर माझा मामा, सत्तरी ओलांडलेला, हातावर दुमडलेली गोधडी, आणि तो आता माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत पुस्तक नव्हतं, यंत्र नव्हतं, मोजणीवाले नव्हते. भिंतीची भीती होती. ती तो बोलून दाखवणार नव्हता.

"ओलं आहे, मामा," मी म्हटलं.

"किती?"

"चांगलंच ओलं. असं कणगीत भरलं तर बुरशी येईल."

"हां," मामा म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. "मग झोपावं लागंल इथंच. आठ दिवस तरी."

"पंधरा," मामी म्हणाली. तिनं दाणा चावूनसुद्धा पाहिला नव्हता. हातातली टोपली उपडी घालून ती तिच्यावर बसली आणि एवढा लांब श्वास सोडला की राशीवरचा कोंडा उडाला.

मामानं पायातल्या चपला काढल्या, राशीत शिरला आणि पायांनी भात पसरायला लागला. वाळायला. मीही विजार वर दुमडून त्याच्या बाजूला उतरलो. तळव्यांना दाणे टोचत होते. सूर्य केव्हाच बुडाला होता, दव पडायला सुरुवात झाली होती, आणि आम्ही दोघं मामा-भाचे खडखडीत वाळलेलं भात ऊन खाण्यासाठी नीट, पातळ, सगळीकडे सारखं पसरत होतो.